पेट्रोलची वाट

पाऊस सरला की आमच्या मालवणच्या किनाऱ्यावर दोन गोष्टी उन्हात येतात. एक अंथरुणे-पांघरुणे आणि दुसरी मोटारसायकली. चार महिने पडवीच्या कडेला ताडपत्रीखाली मुकाट उभी असलेली ही जनावरे दिवाळीच्या तोंडावर खळ्यात ओढून आणली जातात. मुंबईहून चाकरमानी आलेला असतो, त्याला सासुरवाडीला जायचे असते, बाजारातून पोहे आणायचे असतात. नरकचतुर्दशीच्या पहाटे तुळशीपुढे कारीट फुटते न फुटते तोच शेजारून किक मारल्याचा आवाज येऊ लागतो. दहा झाल्या, वीस झाल्या. गाडी एकदा खोकते आणि पुन्हा मौन धरते. मग भोवती माणसे जमतात आणि ज्याच्या त्याच्या अंगात धन्वंतरी संचारतो. ‘प्लग गेला.’ ‘कार्बोरेटर बदला.’ ‘इंजिन उतरवल्याशिवाय गत्यंतर नाही.’

या सदरात आपण वर्षभर शब्दांच्या वाटा शोधल्या. दिवाळीपुरती वाचकांनी मोकळीक द्यावी. आज पेट्रोलची वाट शोधू. ती फार लांबची नाही. टाकीच्या तळापासून इंजिनाच्या तोंडापर्यंत फार तर दोन वितींची. पण या दोन वितींत अडखळण्याच्या जागा सहा-सात आहेत, आणि जुन्या गाडीच्या पुष्कळशा तक्रारी त्यांतल्याच कुठल्यातरी एका जागी दबा धरून बसलेल्या असतात. गाडी बंद पडणे ही तक्रार झाली, रोग नव्हे. ताप आला म्हणून कोणी पोट फाडीत नाही.

जुनी गाडी म्हणजे कोणती, हेही सांगितले पाहिजे. मद्रासला १९५५ साली एन्फील्डचा कारखाना सुरू झाला. म्हैसूरला १९६१ साली जावा तयार होऊ लागली, १९७३ पासून तिला येझ्दी म्हणू लागले, आणि तो कारखाना १९९६ साली बंद पडला. १९८५ च्या सुमारास जपानी सहकार्याने तयार झालेल्या शंभर सी.सी.च्या गाड्या आल्या. ही सारी मंडळी कार्बोरेटरवाली. १ एप्रिल २०२० पासून धुराचे नियम कडक झाले आणि नव्या गाड्यांपैकी बहुतेकींत कार्बोरेटरच्या जागी विजेवर चालणारी फवारणी आली. म्हणजे आपला विषय त्यापूर्वीच्या गाड्यांचा. आणि कोकणात अशा गाड्या अजून घरोघर आहेत.

कार्बोरेटर हे नाव भारदस्त, पण काम साधे. अत्तराच्या बाटलीवरचा रबरी फुगा दाबला की वारा नळीच्या तोंडावरून वेगाने जातो आणि अत्तर आपोआप वर चढून तुषार होऊन उडते. वारा वेगात असला की त्याचा दाब उतरतो, हे बर्नुली या गणितज्ञाने १७३८ साली छापलेल्या आपल्या ग्रंथातल्या विचारावरून उलगडते. इंजिन श्वास घेते, तो वारा अरुंद गळ्यातून जातो, आणि तिथे बारीक छिद्रातून पेट्रोल उडते. त्या छिद्राला ‘जेट’ म्हणतात. जेटपाशी पेट्रोल नेहमी एकाच पातळीवर असावे म्हणून खाली एक वाटी असते आणि वाटीत तरंगता ‘फ्लोट’. गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीत तरंगता गोळा असतो ना, टाकी भरली की नळ बंद करणारा? अगदी तोच कारभार. हा तरंगता पहारेकरी जर्मनीच्या मायबाखने १८९३ साली बसवला. तेव्हापासून सव्वाशे वर्षे तो इमानाने चाकरी करीत आला आहे.

आता तपासणी. पहिला प्रश्न हा, की पेट्रोल इंजिनापर्यंत पोचते का? दहा-पंधरा किक मारून प्लग खोलावा. त्याचे टोक कोरडे ठणठणीत असेल तर पेट्रोल वाटेत अडले आहे. टोक ओले असेल आणि पेट्रोलचा वास येत असेल तर पेट्रोल पोचले. ठिणगी नाही, किंवा पेट्रोल जरुरीपेक्षा जास्त आले. एवढ्या एका पाहणीने निम्मे घर झाडून होते.

प्लग कोरडा असला तर वरून खाली निघावे. कार्बोरेटरला जोडलेली रबरी नळी सोडवून तिचे टोक पांढऱ्या काचेच्या बाटलीत धरावे आणि टाकीचा कॉक उघडावा. सूत धरल्यासारखी अखंड धार आली पाहिजे. धार येतच नसेल आणि ‘रिझर्व्ह’वर येत असेल, तर टाकीत पेट्रोल कमी आहे, एवढेच, देवाचे आभार मानून पंपावर जावे. दोन्हीकडे थेंब थेंबच पडत असेल तर कॉकच्या आतली जाळी गंजाने किंवा गाळाने भरली आहे. सुरुवातीला धार चांगली आली आणि मिनिटा-दोन मिनिटांत सुकली, तर टाकीचे झाकण उघडून पाहावे. याविषयी पुढे एक हकीकत सांगायची आहे. बाटलीत जमलेले पेट्रोल उजेडात धरले की त्यात लालसर कण दिसतात का, तळाशी पाण्याचा वेगळा थर बसतो का, तेही कळते. फुकटातली प्रयोगशाळाच ती.

धार ठीक असेल तर कार्बोरेटरच्या वाटीचा तळचा स्क्रू सैल करावा. पेट्रोल आले नाही तर फ्लोटची सुई वरच अडकून बसली आहे. उलट, कार्बोरेटरमधून पेट्रोल सारखे ठिबकत असेल तर ती सुई नीट बसत नाही किंवा फ्लोटला भोक पडले आहे. पितळी फ्लोट कानापाशी धरून हलवला आणि आत पाणी हिंदकळल्यासारखे वाजले, की तो बुडाला म्हणून समजावे.

यापुढची पायरी जेटची. जेट दोन, एक मंद चालीचा, एक भरधाव चालीचा. चोक ओढून गाडी सुरू होते, पण चोक सोडून सिग्नलला उभी राहिली की विझते, तर मंद चालीचा जेट तुंबला आहे. हळू चालते, पण वेग दिला की घुटमळते, तर मोठा जेट. मोठ्या जेटचे भोक एक मिलिमीटरच्या आसपास, लहानाचे त्याहून पुष्कळ बारीक. तेव्हा त्यात सुई, टाचणी, सायकलच्या तारा घालून कान कोरल्यासारखे कोरू नये. भोक रेसभर मोठे झाले तर गाडी जन्मभर पेट्रोल पीत राहील. पेट्रोलमध्ये भिजवावा, वाऱ्याने फुंकावा आणि उजेडाकडे धरून पाहावा. वाटोळा चंद्र दिसला म्हणजे काम झाले.

आणि सर्वांत महत्त्वाचे, एका वेळी एकच गोष्ट बदलावी. प्लग, जेट, नळी सगळे एकदम बदलले आणि गाडी सुरू झाली, तर आनंद होईल. ज्ञान होणार नाही. पुढच्या पावसाळ्यानंतर पुन्हा पहिल्यापासून श्रीगणेशा. कवितेचा अन्वय न लावता अलंकार ओळखू पाहणारी मुले मी दर वर्षी पाहतो. त्यांची आणि पाना घेऊन एकदम कार्बोरेटरवर तुटून पडणाऱ्यांची जात एकच.

आता ती झाकणाची हकीकत.

आमच्या शेजारी एक वहिनी राहतात. त्यांचे यजमान प्राथमिक शिक्षक होते. नोकरीची सगळी वर्षे त्यांनी एकाच मोटारसायकलवर काढली. ते गेले आणि गाडी दोन पावसाळे पडवीत उभी राहिली. मग धाकट्या मुलाला कुडाळच्या औद्योगिक वसाहतीत काम लागले. जायचे पंचवीस-तीस किलोमीटर, पाळी रात्री सुटणार, त्या वेळी एस.टी. मिळत नाही. नवी गाडी लाखाच्या घरात. तेव्हा वडिलांची गाडी बाहेर काढली. गॅरेजमध्ये नेऊन जुने पेट्रोल काढले, कार्बोरेटर धुतला, प्लग बदलला. गाडी पहिल्या किकला सुरू झाली. घरात कोणीतरी साखरही वाटली.

पण चौकेच्या अलीकडे, पाच-सहा किलोमीटर गेली की बंद. दहा मिनिटे थांबावे, पुन्हा सुरू होई. पुन्हा पाच-सहा किलोमीटरांवर बंद. गॅरेजवाल्याने निदान केले, ‘गरम झाली की धरते. पिस्टन गेला. इंजिन उतरवावे लागेल.’ खर्च सांगितला तो मुलाच्या महिन्याच्या पगाराहून जास्त. दोनदा रात्री गाडी ढकलीत घरी यावे लागले, तेव्हा मुलाने मन घट्ट केले आणि भंगारवाल्याशी बोलणे केले. दसरा झाला की तो येऊन गाडी नेणार होता. वहिनी काही बोलल्या नाहीत. फक्त रोज सकाळी गाडीवरची धूळ पुसण्याचे काम त्यांनी बंद केले, एवढे माझ्या लक्षात आले.

मी मुलाला म्हटले, ‘नेणार तर आहेसच. त्याआधी आठ दिवस एक वही ठेव. कुठे बंद पडली, किती किलोमीटरवर, ऊन होते की पाऊस, टाकीत पेट्रोल किती, एवढेच लिही.’ आमच्याकडे एक वयस्क मिस्त्री आहेत. त्यांनी आता दुकान बंद केले आहे, पण बोलावले तर येतात. आठ दिवसांनी ती वही घेऊन आम्ही त्यांना बोलावले. त्यांनी चष्मा कपाळावर चढवून वही वाचली. उन्हात सहा किलोमीटर, पावसात सहा किलोमीटर. टाकी निम्मी असताना नऊ. टाकी भरून घेतली त्या दिवशी चार.

‘टाकी भरल्यार बेगीन बंद पडता?’ त्यांनी विचारले. मुलाने मान हलवली. ‘मगे इंजिनाक हात लावूक नको. आदी पेट्रोल खंय अडला ता बघूया.’

त्यांचा हिशेब असा होता. उष्णतेचा दोष असता तर पावसाच्या गारव्यात गाडी जास्त चालली असती, आणि टाकी भरली की रिकामी याच्याशी तिला कर्तव्य नसते. पण झाकणाचे भोक बुजले असेल, तर सगळे जुळते. तेलाच्या डब्याला आपण दोन भोके पाडतो. एकातून तेल येते, दुसऱ्यातून हवा जाते. एकच पाडले तर तेल गुटगुट करीत अडते. टाकीलाही असे हवेचे भोक झाकणात असते. ते बंद झाले की जेवढे पेट्रोल उतरेल तेवढी आतली हवा विरळ होते, आणि शेवटी तीच पेट्रोलला वर धरून ठेवते. पेट्रोलला खाली ढकलणारी उंची वीत-दीड वीत; तिचा जोर वातावरणाच्या दाबाच्या पन्नासाव्या हिश्श्याएवढा. टाकीत पाच लिटर हवा असेल तर शंभर-दोनशे मिलिलिटर पेट्रोल उतरताच ती धार रोखून धरायला पुरेशी विरळ होते. लिटरला चाळीस किलोमीटर धरले तर हे अंतर चार ते आठ किलोमीटर. टाकी भरलेली असली की हवा थोडी, म्हणून ओढ लवकर लागते. गाडी थांबली की कुठूनतरी थोडी हवा आत झिरपते आणि गाडी पुन्हा चालते. वहीतला प्रत्येक आकडा आपापल्या जागी येऊन बसला.

मग बाटलीची परीक्षा झाली. नळी सोडवली, कॉक उघडला. धार चांगली आली, बाटली बदलून दुसरी लावली, तोवर बारीक झाली, मग थेंब, मग तेही थांबले. टाकीत पेट्रोल होते. मिस्त्रींनी झाकणाची चावी फिरवली. सुस्स् असा आवाज झाला आणि बाटलीत पुन्हा अखंड धार पडू लागली. खळ्यात उभी असलेली आम्ही चार माणसे ती धार बघत राहिलो.

झाकण उलटसुलट करून त्यांनी उजेडात धरले. वरच्या अंगाला टाचणीच्या टोकाएवढे भोक, आणि त्यात पांढरे काहीतरी दाबून बसवलेले. नखाने खरवडले तर मेण निघाले. मेणबत्तीचे. मुलगा म्हणाला, ‘हे कुणी केलं?’ त्याचा आवाज जरा चढलाच होता.

दारातून वहिनी म्हणाल्या, ‘मियाच लायलंय. पावसाचा पाणी आत जायत म्हणान.’ गाडी पडवीत ठेवली होती, पण आमच्याकडचा पाऊस आडवा येतो. पडवी ती काय वाचवणार. यजमान असताना ते झाकणावर प्लास्टिक बांधीत. ते गेल्यावर पहिल्या पावसात यांना ते भोक दिसले, आणि देवापुढच्या मेणबत्तीचा थेंब त्यावर सोडून त्यांनी बोटाने दाबून टाकला.

कोणी काही बोलेना. मिस्त्रींनी विजेरी मागितली, टाकीच्या तोंडातून आत उजेड टाकला आणि बराच वेळ पाहिले. मग मुलाला जवळ बोलावून पाहायला लावले. आतला पत्रा स्वच्छ होता, गंजाचा डाग नाही. ‘ह्या मेण होता म्हणान टाकी रवली,’ ते म्हणाले. ‘नायतर दोन पावसांत आतसून गंजान गेली असती. वयनीनु, च्या टाका.’

भोक मोकळे करायला एक सुई पुरली. जेटला सुई लावू नये, पण झाकणाला चालते. त्या दिवशी मुलगा धामापूरच्या तलावापर्यंत जाऊन आला; गाडी कुठे थांबली नाही. भंगारवाल्याला निरोप गेला. आज ती गाडी रोज कुडाळला जाते, आणि रात्री साडेअकराच्या सुमारास तिचा आवाज वळणावर आला की शेजारच्या घरातला दिवा मालवतो.

त्याच बैठकीत मिस्त्रींनी आणखी एक गोष्ट दाखवली. पेट्रोलची रबरी नळी बोटांत धरली तर ती फुगून मऊ झालेली. हा नव्या काळाचा आजार. पेट्रोलमध्ये आता इथेनॉल मिसळतात. २० टक्के मिश्रणाचे पेट्रोल २०२३ च्या फेब्रुवारीत बाजारात आणले गेले आणि २०२५ साली ते देशभराचे झाले. उसाच्या आणि धान्याच्या या मद्याला पाण्याची भारी ओढ. आमच्यासारख्या दमट हवेत ते हवेतले पाणी शोषते, आणि पाण्याचे प्रमाण फार झाले की पाणी व इथेनॉल पेट्रोलपासून वेगळे होऊन टाकीच्या तळाशी बसतात. कॉकही तळाशीच. म्हणजे पहिला घोट इंजिनाला तोच. शिवाय जुन्या गाड्यांचे रबर या मिश्रणासाठी केलेले नव्हते; ते फुगते किंवा तडकते. तेव्हा नळ्या नि वाटीचे रबरी वळे हल्लीच्या पेट्रोलला टिकणारे घालून घ्यावे. खर्च थोडा असतो.

चार महिने गाडी उभी राहणार असेल तर मृगापूर्वी तीन कामे करावी. कॉक बंद करावा. कार्बोरेटरच्या वाटीतले पेट्रोल स्क्रू सैल करून काढून टाकावे, कारण तेच वाळून जेटमध्ये रोगणासारखे चिकटते. आणि टाकी एक तर गळ्यापर्यंत भरावी किंवा पूर्ण रिकामी करावी. अर्धी टाकी हे गंजाला दिलेले आमंत्रण. झाकणावर प्लास्टिक बांधायचे तर खुशाल बांधावे, पण दिवाळीला ते सोडायची आठवण राहील असे ठळक बांधावे.

आणखी एक, दिवाळीच्या दिवसांतले. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते. ती जमिनीवरून सरपटत जाते आणि पायरीवरच्या पणतीपाशी पोचते. हे सारे प्रयोग भरदिवसा, उघड्यावर, इंजिन थंड असताना करावे. जवळ पणती नको, विडी नको, फटाके घेऊन उभी असलेली पोरे तर नकोतच. ठिणगी तपासायची तर उघड्या पेट्रोलजवळ तपासू नये. आणि नळीला तोंड लावून पेट्रोल ओढण्याचे शौर्य कोणी करू नये.

कोणी म्हणेल, फवारणीच्या नव्या गाड्या आल्या, आता ही विद्या कशाला? नव्या गाडीत टाकीतला पंप आहे, गाळणी आहे, फवारा आहे; बाटलीऐवजी दाबमापक लावतात आणि चष्मा कपाळावर चढवण्याऐवजी यंत्राच्या पडद्यावर पाहतात. पण पेट्रोल टाकीतून निघून इंजिनात जायचे ते जायचेच, आणि वाटेत अडले तर कुठे अडले हे वरून खाली विचारीत यावे लागते. गावोगाव असे विचारणारे मिस्त्री अजून आहेत. त्यांची दुकाने बंद होत आहेत, मुले दुसऱ्या धंद्याला लागत आहेत. तुमच्या गावात असा एखादा असेल तर या सुट्टीत घरातल्या पोराला दोन दिवस त्याच्यापाशी बसवा. फराळाचे ताट सोबत पाठवा. जाताना एक वही द्या.